दीपनगरची राख आणि तापीचे पाणी : खानदेशातील कोळसाजन्य जलप्रदूषण व त्याच्या निवारणाचा इतिहास

प्रस्तावना

खानदेशात कोळशाची एकही खाण नाही. तरीही गेल्या सुमारे १६० वर्षांत या प्रदेशाच्या अर्थजीवनात कोळशाने मध्यवर्ती स्थान मिळविले आहे. भुसावळचे रेल्वे जंक्शन, जळगाव, अमळनेर व धुळे येथील कापड गिरण्या आणि दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र ही या इतिहासातील ठळक स्थाने होत. या तिन्हींच्या उभारणीविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. तथापि कोळसा वापरल्यानंतर मागे उरलेल्या राखेचे आणि त्या राखेबरोबर वाहिलेल्या पाण्याचे काय झाले, हा प्रश्न स्थानिक इतिहासलेखनात जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे.

तापी ही सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची पश्चिमवाहिनी नदी मुलताई येथे उगम पावून सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या मधल्या टप्प्यात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. रावेर-यावलची केळी, चोपडा-शिरपूरची बागायत, भुसावळपासून धुळ्यापर्यंतच्या शहरांचा पाणीपुरवठा या सर्वांचा आधार तापी व तिच्या गाळाच्या थरातील भूजल हाच आहे. अशा खोऱ्यात कोळशाची राख पाण्यात कालवून वाहून नेण्याची पद्धत अनेक दशके चालली. या पद्धतीतून निर्माण झालेल्या पाण्याची 'शुद्धी' कशी केली गेली, त्या शुद्धीची व्याख्या कोणी व कशाच्या आधारे केली आणि तिच्यातून काय निसटले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१. खानदेशात कोळशाच्या वापराचे टप्पे व प्रत्येक टप्प्यातील पाण्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. कोळसाजन्य सांडपाण्याच्या शुद्धीकरणाच्या पद्धतींचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
३. जलप्रदूषणविषयक कायदे व मानके यांचा दीपनगर केंद्राच्या वाटचालीशी कालानुक्रमे मेळ घालणे.
४. खानदेशच्या पारंपरिक पाणीव्यवस्थेतील तत्त्वांच्या प्रकाशात या अनुभवाचे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. रासायनिक पृथक्करण हा या निबंधाचा विषय नाही.

कोळशाचे खानदेशातील आगमन

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मार्च १८७० मध्ये जबलपूरपर्यंतचा मार्ग पूर्ण होऊन मुंबई व कलकत्ता ही शहरे रेल्वेने जोडली गेली. नागपूर व जबलपूर या दोन दिशांना फाटे जेथे फुटतात ते भुसावळ एका लहान खेड्याचे रेल्वेनगर बनले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे मार्ग सुरू झाला आणि त्याच सुमारास तापी खोरे रेल्वेने सुरतेकडून अमळनेर गाठले.

वाफेच्या इंजिनास दोन गोष्टी लागत : कोळसा आणि पाणी. आरंभीच्या काळात कोळसा इंग्लंडहून जहाजाने मुंबईस येत असे. पुढे नर्मदा खोऱ्यातील मोहपाणी आणि चांदा जिल्ह्यातील वरोरा येथील खाणी उपलब्ध झाल्या. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ या काळात चालली. कोळसा दुरून आणता येत होता. पाणी मात्र जवळच असावे लागे. म्हणून तापीकाठच्या भुसावळास महत्त्व आले. खानदेशात कोळसा पाण्याकडे आला, हे सूत्र पुढेही कायम राहिले.

जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्यांच्या बॉयलरनीही कोळशाचा वापर केला. तथापि या पहिल्या टप्प्यातील राख विखुरलेली व बहुतांशी कोरडी होती. इंजिनांतून काढलेली राख व खंगर भराव घालण्यासाठी वापरले जात. अर्धवट जळालेले तुकडे वेचून गरीब कुटुंबे चूल पेटवीत. राख पाण्यात कालवून एका ठिकाणी साठविण्याची प्रथा येथे अद्याप अवतरली नव्हती. त्या काळी प्रदूषण नव्हते असा याचा अर्थ नाही. परंतु त्याचे स्वरूप प्रामुख्याने धुराचे होते.

कोळशाच्या पाण्याचे प्रकार आणि शुद्धीकरणाचे पूर्वसूत्र

कोळशावर होणाऱ्या औद्योगिक प्रक्रियांमधून तीन निरनिराळ्या प्रकारचे दूषित पाणी निर्माण होते आणि त्यांचे उपायही भिन्न असतात. पहिला प्रकार कोळसा धुण्याच्या कारखान्यातील, म्हणजे वॉशरीतील पाण्याचा. त्यात कोळशाची बारीक काळी भुकटी व माती तरंगत असते. दुसरा प्रकार कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कोक व वायू तयार करताना निघणाऱ्या पाण्याचा. त्यात अमोनिया, फेनॉल, सायनाइड व डांबर असते. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर लागलेले गॅसचे दिवे याच प्रक्रियेवर जळत होते. तिसरा प्रकार राखेच्या पाण्याचा. खानदेशाचा संबंध मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराशी आला.

कोकभट्ट्यांच्या पाण्याचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो जर्मनीच्या ऱ्हूर प्रदेशात. तेथे खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे टिकत नव्हती. १८९९ मध्ये खाणमालक, कारखानदार व नगरपालिका यांनी एकत्र येऊन एम्शर नदीसाठी एक सहकारी जलसंस्था स्थापन केली. खर्चाची वाटणी सभासदांनी आपापल्या प्रदूषणाच्या प्रमाणात करावयाची होती. सांडपाण्यातील गाळ खाली बसविणारी इमहॉफ टाकी (१९०६) याच संस्थेच्या कार्यातून पुढे आली आणि १९२० च्या दशकात कोकभट्ट्यांच्या पाण्यातून फेनॉल वेगळे काढण्याचे संयंत्रही तेथे उभे राहिले. इंग्लंडमध्ये १९१४ साली मँचेस्टर येथे जिवाणूंच्या साहाय्याने मैलापाणी शुद्ध करण्याची सक्रिय गाळ पद्धत विकसित झाली. पुढे फेनॉलयुक्त पाण्यासाठीही तिचा उपयोग झाला.

मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. शेजारच्या ऱ्हूर नदीचे पिण्याचे पाणी सुरक्षित राहावे म्हणून एम्शर नदी जाणीवपूर्वक उघड्या गटाराच्या स्वाधीन करण्यात आली. तिला पुन्हा नदीचे रूप देण्याचे काम १९९२ मध्ये सुरू झाले आणि २०२१ च्या अखेरीस ती सांडपाण्यातून मुक्त झाली. अब्जावधी युरो आणि सुमारे ३० वर्षे खर्ची पडली. प्रदूषणाचा खर्च टळत नाही, तो केवळ पुढच्या पिढीकडे जातो, हे यावरून स्पष्ट होते.

राखेच्या पाण्याचे वैशिष्ट्य असे की जिवाणू त्याचे काही करू शकत नाहीत. फेनॉल हा सेंद्रिय पदार्थ असल्याने जिवाणू त्याचे विघटन करतात. राखेतील आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती नष्ट होत नाहीत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात एवढेच. त्यामुळे येथे शुद्धीकरण म्हणजे वस्तुतः 'त्यांना कोठे ठेवावयाचे' याचा निर्णय होय.

दीपनगर : कायद्याआधीची राख

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. पुढील वर्षी अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक केंद्र सुरू झाले. पारसचे पाणी मन नदीचे. मन पूर्णेस मिळते आणि पूर्णा चांगदेव येथे तापीस मिळते. म्हणजे तापी खोऱ्यात विजेसाठी कोळसा जाळण्याचा आरंभ खानदेशाच्या वरच्या अंगास झाला होता.

भुसावळनजीक फेकरी गावाजवळ दीपनगर येथे सुमारे ६० मेगावॅट क्षमतेचा पहिला संच १९६८ मध्ये कार्यान्वित झाला. याच सुमारास इगतपुरी-भुसावळ मार्गावर विजेची इंजिने धावू लागली. इंजिनांच्या भट्टीत विखरून जळणारा कोळसा यापुढे एकाच धुरांड्याखाली जळणार होता आणि त्याची राखही एकाच जागी साठणार होती. त्यानंतर २१० मेगावॅटचे दोन संच अनुक्रमे १९७९ व १९८२ मध्ये आले. तापीवरील ४१ दरवाजांचे हतनूर धरणही १९८२ मध्येच पूर्ण झाले. ५०० मेगावॅटचे दोन संच २०१२ मध्ये सुरू झाले आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा संच उभारण्यात आला. आरंभीचे जुने संच दरम्यानच्या काळात निवृत्त झाले.

या तारखा जलप्रदूषण कायद्यांच्या तारखांशेजारी ठेवल्या असता एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधासाठी स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला व सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची अधिसूचना १९९४ ची. म्हणजे पहिला संच कोणत्याही जलप्रदूषण कायद्यापूर्वीचा, दुसरा केवळ राज्याच्या कायद्याखालील आणि तिन्ही संच आघात मूल्यमापनाच्या पूर्वीचे होत. राख कोठे टाकावी, त्या जागेखालील खडक कसा आहे, भूजल किती खोल आहे, हे प्रश्न विचारण्याची वैधानिक सक्ती तेव्हा नव्हती.

या केंद्राची राख वेल्हाळे परिसरातील अ‍ॅश बंडात साठविली गेली. कार्यपद्धती साधी होती. बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राख आणि धुरातून विद्युत-अवक्षेपकाद्वारे पकडलेली बारीक राख पाण्यात कालवून तिचा रबडीसारखा प्रवाह पाइपलाइनमधून बंडापर्यंत ढकलावयाचा. तेथे राख खाली बसू द्यावयाची. वरचे पाणी सांडव्यावाटे बाहेर काढावयाचे.

या पाण्याचे प्रमाण ढोबळ हिशोबाने समजून घेता येते. २१० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालल्यास सुमारे ५० लाख युनिट वीज निर्माण होते. युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरल्यास दिवसाला ३,५०० टन कोळसा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरले तरी रोज सुमारे १,२०० टन राख उरते. एक भाग राखेस आठ भाग पाणी लागते असे मानले तर केवळ राख वाहून नेण्यासाठी एका संचास दररोज जवळजवळ १ कोटी लिटर पाणी लागेल. माणशी १०० लिटर या दराने ते १ लाख लोकवस्तीच्या शहरास पुरेल इतके आहे. अवर्षणाची पुनःपुन्हा झळ सोसणाऱ्या प्रदेशात राखेचे वाहन म्हणून एवढ्या पाण्याचा उपयोग होत होता. शुद्धीकरणाइतकाच हा पाण्याच्या वाटणीचाही प्रश्न होता.

'निवळणे' आणि 'शुद्ध होणे'

मराठीत पाणी 'निवळणे' आणि पाणी 'शुद्ध होणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून किंवा घागरीच्या आतून निवळीचे बी घासून पाणी निवळविण्याची रीत घरोघरी होती. पाणी निवळले म्हणजे गाळ खाली बसला. पाण्यात जे विरघळलेले असते त्यावर या क्रियेचा फारसा परिणाम होत नाही. खारी विहीर तुरटीने गोडी होत नाही, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक होते.

अ‍ॅश बंड ही निवळविण्याचीच मोठी टाकी होय. पर्यावरण संरक्षण नियमांनी औष्णिक केंद्रांसाठी जी मानके ठरविली, त्यांत राखेच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तीन निकष दिले आहेत : सामू ६.५ ते ८.५ दरम्यान असावा, तरंगणारे घनपदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमहून अधिक नसावेत आणि तेल व ग्रीस २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, पारा किंवा बोरॉन यांचा त्या यादीत समावेश नाही. विशेष म्हणजे त्याच मानकांत कूलिंग टॉवरमधून सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी जस्त व क्रोमियम यांच्या मर्यादा आहेत आणि बॉयलरच्या पाण्यासाठी तांबे व लोह यांच्या. राखेच्या पाण्याची परीक्षा मात्र मुख्यतः ते दिसते कसे यावर ठेवली गेली.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार आर्सेनिक, शिसे व सेलेनियम यांची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, पाऱ्याची ०.००१. एका बाजूस १०० मिलिग्रॅम दृश्य गाळाचा निकष, दुसऱ्या बाजूस त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकी अदृश्य मर्यादा. पहिला निकष पाळला गेला म्हणजे दुसरा पाळला गेला असे अनुमान काढता येत नाही. नियंत्रण मंडळ आपल्या संमतीपत्रात अधिक कडक अटी घालू शकते हे खरे. परंतु देशव्यापी किमान निकषातच जी बाब नाही, तिची तपासणी नित्याची होणे कठीण असते.

वस्तुनिष्ठतेसाठी येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असते. त्यामुळे खाणींच्या प्रदेशात इतरत्र आढळणारा तीव्र आम्लतेचा प्रश्न येथील राखेबाबत सहसा उद्भवत नाही. राखेतील धातूंचा मोठा भाग काचसदृश कणांत बंदिस्त राहतो. विरघळून बाहेर पडणारा अंश लहान असतो. परंतु दशकानुदशके साठलेल्या राखेच्या लहान अंशाची बेरीज लहान राहत नाही. शिवाय आर्सेनिक व सेलेनियम ही द्रव्ये अल्कधर्मी पाण्यातही हालचाल करू शकतात. खानदेशात एकीकडे भेगाळलेला काळा खडक आणि दुसरीकडे तापीचा खोल गाळथर अशी भूरचना आहे. अशा भूमीत अस्तर नसलेल्या साठ्याखालून पाणी झिरपले तर त्याचा मार्ग डोळ्यांना दिसत नाही. सांडव्यावरील पाणी मोजले जाते. तळातून गेलेले पाणी विहिरीत पोहोचेपर्यंत अज्ञात राहते.

परिसरातील ग्रामस्थांच्या तक्रारींचे स्वरूपही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. राख उडून पिकांवर बसणे, पाइपलाइनला गळती लागून राखमिश्रित पाणी शेतात शिरणे अशा दृश्य गोष्टींविषयी वेळोवेळी आवाज उठविला गेला. अदृश्य झिरपण्याविषयी तक्रार करण्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो आणि तो शेतकऱ्याच्या हाती नसतो. प्रदूषणाची जी बाजू दिसते तिच्यावरच नियमन व लोकविरोध हे दोन्ही केंद्रित झाले.

पाण्याविना राख : १९९९ नंतरचे परिवर्तन

दूषित पाणी शुद्ध करण्याच्या दिशेने खरा बदल घडला तो पाण्याच्या कायद्यामुळे नव्हे, तर राखेच्या अधिसूचनेमुळे. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र शासनाने फ्लाय अ‍ॅशच्या वापराविषयी अधिसूचना काढली. शेतजमिनीची सुपीक माती विटांसाठी खणली जाऊ नये आणि राखेखाली जमीन अडकून पडू नये, हा तिचा मुख्य हेतू होता. औष्णिक केंद्राच्या परिसरातील वीटउत्पादकांनी मातीत राख मिसळावी असे बंधन आले. पुढे २००३, २००९ व २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

सिमेंट कारखान्यास लागते ती कोरडी राख. ती एकदा पाण्यात भिजली की तिचे मोल घटते. म्हणून विद्युत-अवक्षेपकाखालची राख हवेच्या दाबाने सायलोत नेऊन तेथून बंद टँकरने पाठविण्याची व्यवस्था रूढ झाली. जितकी राख कोरडी उचलली गेली, तितके पाणी राखेस लागले नाही आणि तितके पाणी दूषितही झाले नाही. राखेच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे राखेस पाणी न लावणे होय. आणि तो उपाय नदीच्या काळजीतून नव्हे, तर सिमेंटच्या मागणीतून आला. ज्या वर्षी बांधकामे मंदावतात, त्या वर्षी राख पुन्हा बंडाकडे वळण्याची शक्यता असते. नदीचे आरोग्य असे बाजारभावावर अवलंबून ठेवणे ही या यशाची मर्यादा आहे.

दुसरा बदल पाण्याच्या पुनर्वापराचा. बंडात निवळलेले पाणी पुन्हा केंद्राकडे आणून राख वाहण्यासाठीच वापरावयाचे, ही पद्धत पुढे आली. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा घातली : जुन्या केंद्रांनी मेगावॅट-तासास ३.५ घनमीटर, म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटर. नव्या केंद्रांसाठी याहून कमी मर्यादा आणि सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट आली. मात्र तेच पाणी पुनःपुन्हा फिरविले की त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढत जाते. नदीत जाणारे पाणी थांबते, पण तळ्यातले पाणी अधिक तीव्र होते. त्यामुळे तळाचे अस्तर आणि सभोवतीच्या निरीक्षण-विहिरी यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढते.

तिसरा उपाय धुतलेल्या कोळशाचा. १९९७ च्या अधिसूचनेने खाणीपासून १,००० किलोमीटरहून दूर असलेल्या आणि काही संवेदनशील क्षेत्रांतील केंद्रांसाठी कोळशातील राखेची मर्यादा ३४ टक्के ठरविली. २०१४ मध्ये तिची व्याप्ती वाढली; मे २०२० मध्ये ती अट रद्द झाली. कोळसा धुतल्याने वापराच्या ठिकाणी राख कमी होते, पण धुण्याचे काळे पाणी व टाकाऊ कोळसा वणी-घुग्गुससारख्या खाणपट्ट्यातच राहतो. तापी खोऱ्याचा भार वर्धा खोऱ्यावर टाकणे यास शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

साठून राहिलेली राख

आज निर्माण होणारी राख कोरडी उचलली गेली तरी काल साठविलेली राख तेथेच असते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेच्या पूर्ण वापराचे बंधन घालताना जुन्या साठ्यांची विल्हेवाट १० वर्षांत लावण्याची तरतूद केली आणि वापर न झालेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरविली. जुनी राख हे एक 'देणे' आहे, हे कायद्याने प्रथमच आकड्यात मान्य केले.

हे देणे किती जड असू शकते याची उदाहरणे दूरची नाहीत. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीप्रवाहात गेले. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी असाच बंधारा फुटून ४० लाख घनमीटरहून अधिक राख-चिखल बाहेर पडला होता. बंधारा फुटणे ही क्वचित घडणारी घटना आहे. झिरपणे ही रोजची. पहिलीची बातमी होते, दुसरीची नोंदही होत नाही.

धुळे : न उभारलेले केंद्र आणि फडाची शिकवण

धुळे जिल्ह्यात कोळशावरील मोठे वीजकेंद्र उभे राहिले नाही. परंतु त्याची योजना होती. शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचानजीक विखरण-मेथी परिसरात ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पासाठी जमीन संपादन झाले. प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. पुढे ही जागा सौर प्रकल्पासाठी ठरविण्यात आली. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दीर्घकाळ खेटे घातलेल्या विखरणच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले व काही दिवसांत त्यांचे निधन झाले. कोळसा न आल्यामुळे तापीकाठच्या आणखी एका भागात राखेचे पाणी आले नाही. तथापि नदीच्या दृष्टीने इष्ट ठरलेल्या या घटनेची किंमत जमिनीच्या रूपाने कोणी मोजली, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

याच धुळे जिल्ह्याने पांझरेवरील फड पद्धतीचा वारसा जपला आहे. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर शतकानुशतके बंधारे बांधून, पाट काढून, फडाफडांत पाणी वाटले जात असे. पाटकरी व जागल्या यांच्याकडे वाटपाची व राखणीची जबाबदारी असे. पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची आणि जादा पाणी सांडव्यातून पुन्हा नदीस द्यावयाचे. नदीस परत गेलेले हे पाणी खालच्या बंधाऱ्याचे असे. वरच्या गावाचा हक्क खालच्या गावाच्या हक्काशी बांधलेला होता.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गावातील भूमिहीनांस तिच्यात स्थान नव्हते आणि रासायनिक प्रदूषणाची तिला कल्पनाही नव्हती. परंतु 'परत जाणारे पाणी कोणाचे?' हा प्रश्न तिने विचारला होता. कोळशाच्या युगात तो प्रश्न गळून पडला. अ‍ॅश बंडालाही सांडवा असतो. पण त्या सांडव्याखाली कोण पाणी भरतो, त्याचे हिशोबात नाव नसते. एम्शरच्या जलसंस्थेत खर्च प्रदूषणाच्या प्रमाणात वाटला जात होता, फडात श्रम पाण्याच्या प्रमाणात. तापी खोऱ्यात प्रदूषण करणारे, ते मोजणारे आणि ते पिणारे हे तिघे एका बैठकीत बसतील अशी व्यवस्था निर्माण झाली नाही.

निष्कर्ष

१. खानदेशातील कोळशाच्या वापराचे रेल्वे व गिरण्यांचा काळ, पाण्याने राख वाहण्याचा काळ आणि कोरड्या राखेचा काळ असे तीन टप्पे पडतात. जलप्रदूषणाचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात निर्माण झाला. त्याचा वारसा तिसऱ्यातही चालू आहे.

२. दीपनगरचे आरंभीचे संच जलप्रदूषणविषयक प्रमुख तरतुदींच्या पूर्वीचे असल्याने राखेच्या जागेची निवड पाण्याच्या दृष्टीने तपासली जाण्याची सक्ती नव्हती. हा दोष एका केंद्राचा नसून त्या काळच्या नियोजनाचा होता.

३. राखेच्या पाण्याच्या मानकांनी 'निवळणे' हीच 'शुद्धी' मानली. विरघळलेल्या धातूंच्या मर्यादा या मानकांत समाविष्ट होणे आणि बंडाभोवतीच्या विहिरींच्या तपासणीचे निष्कर्ष मराठीतून ग्रामपंचायतीत प्रसिद्ध होणे आवश्यक आहे.

४. प्रदूषण कमी करणारा सर्वांत यशस्वी उपाय, कोरडी राख, हा बाजारपेठेच्या गरजेतून आला. त्यास मागणीवर न सोडता कायमस्वरूपी बंधनाचे रूप मिळाले पाहिजे.

५. जुनी राख उचलताना ती पुन्हा दुसऱ्या नाल्याकाठी पडणार नाही याची हमी हवी. अन्यथा ते शुद्धीकरण नव्हे, स्थलांतर ठरेल.

वीज सर्वांना हवी आहे आणि दीपनगरने खानदेशास व राज्यास ती दिली आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न इतकाच की त्या विजेच्या हिशोबात तापीच्या पाण्याचा रकाना आजवर रिकामा राहिला. तो भरण्याचे काम अभियंत्याइतकेच इतिहासाच्या अभ्यासकाचेही आहे. कारण बंड कधी बांधला, त्याखाली काय होते आणि त्यात किती वर्षांची राख आहे, या माहितीशिवाय शुद्धीकरणाची कोणतीही योजना आखता येणार नाही. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन बंडाभोवतीच्या गावांतील विहिरींची गावनिहाय नोंदवही तयार करावी, अशी सूचना या निबंधाच्या शेवटी कराविशी वाटते.